तुम्ही विचारलंत म्हणून: मला प्रेमच हवंय

"मॅडम, सगळं तर हाय तुमच्याकडं. मग आता ह्या वयात नेमकं काय शोधायलात?" उदगीरच्या आसपासच्या गोठ्यांमध्ये गाय तपासताना, बहिणीच्या घरी, बाजारात, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारी माणसं बहुतेक मायेनंच विचारतात, म्हणून उत्तरही मायेनं देते. मी प्रेम शोधतेय. वय 41, नोकरी पशुधन विकास अधिकाऱ्याची, घर स्वतःचं, चारचाकी स्वतःची, आई सोबत. आधार शोधा, म्हातारपणाची सोय बघा, असं सगळे सांगतात. सोय मी माझी केलेली आहे. मला बघून ज्याचा चेहरा खुलेल आणि ज्याला बघून माझा खुलेल, असा माणूस मला हवाय. चाळिशीतल्या बाईनं हे मोठ्यानं म्हणायचं नसतं, असं आपल्याकडं मानतात. मला ते पटत नाही.

परभणीला शिकत असताना एक जण होता. पशुवैद्यकीच्या त्या अभ्यासक्रमात आम्ही एकमेकांचे झालो होतो. पुढं त्याला गुजरातेत डेअरीची नोकरी लागली आणि मला इकडं दवाखाना मिळाला. जनावरं आणि माणसं दोन्ही माझ्या ओळखीची, त्यामुळं मी इथून हलले नाही. त्याचंही तिकडं मन रमलं. भांडण न होता संपलं. मग वर्षं कामात गेली. 2022 साली जनावरांवर लम्पीचा रोग आला तेव्हा तर गावोगाव गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस टोचत फिरत होतो. अंगभर गाठी आलेली जनावरं दिवसभर बघायची, रात्री घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं. त्या दिवसांत आपला हात कुणीतरी हातात धरावा, असं फार वाटायचं. तिथूनच मी ठरवलं की आता शोधायचं.

सुरुवात घरातूनच झाली. अहमदपूरच्या मामांनी बायोडाटा करायला घेतला. रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक, मामेकुळ, रक्तगट हे सगळं त्यांना पाठ. 'अपेक्षा' ह्या रकान्यात मी लिहिलं होतं: गप्पा मारणारा, मोकळं हसणारा, प्रेम करणारा. छापून आलं तेव्हा तिथं होतं: निर्व्यसनी, अनुरूप. मामा म्हणाले, "असलं लिहिलं तर पाहुणे काय म्हणतील?" म्हटलं, पाहुण्यांना तेच तर कळायला पाहिजे.

36 गुणांपैकी 18 जुळले की लग्न करायला हरकत नाही म्हणतात, आणि त्यातले 8 एकट्या नाडीचे. एका स्थळाशी माझे 29 जुळले. आई दोन दिवस हवेत होती. पाहुणे आले, चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला. मुलगा, म्हणजे पन्नाशीला टेकलेले गृहस्थ, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या वतीनं त्यांचे थोरले भाऊ बोलत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, पेन्शन जुनी का नवी?" 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मी त्यातलीच, असं सांगितल्यावर भावानं बशी खाली ठेवली. 29 गुण तिथंच राहिले. नवरदेवाचा आवाज कसा आहे ते मला अजून माहीत नाही.

मग लातूरला वधू-वर परिचय मेळाव्याला गेले. एका मोठ्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या, मंचावर माइक, आणि एकेकानं उभं राहून नाव, शिक्षण, शेती, अपेक्षा सांगायची. बहुतेकांची अपेक्षा होती, 'आईवडिलांना सांभाळणारी.' ते रास्तच आहे. पण मंचावर आलेल्यांपैकी एकानंही सांगितलं नाही की त्याला स्वतःला काय आवडतं. माझी पाळी आली. मी माझं काम सांगितलं आणि म्हणाले, मला प्रेमानं नांदायचंय. सभागृह शांत झालं. मग मागून एक आजोबा उठले. मला वाटलं, आता मुलाचं स्थळ सांगतील. त्यांनी विचारलं, "बाई, आमची म्हैस माजावर येईना झालीय, काय करावं?" मी माइकवरून विचारलं, व्यालेली कधी, खुराक काय, क्षार मिश्रण देता का. आणखी तिघांनी हात वर केले. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्याभोवती घोळका होता, सगळा म्हशीवाल्यांचा. माणसं फार चांगली होती, त्यांच्यातल्या एकाची म्हैस पुढं गाभण राहिल्याचा फोनही आला.

इथं एक सांगायलाच पाहिजे. पस्तिशी ओलांडलेली, शेती करणारी, लग्नाची वाट बघणारी मुलं मला रोज भेटतात. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अशाच तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या मुलांनाही कुणीतरी जीव लावावा असं वाटतं, आणि त्यांच्याशीही सगळे फक्त एकर आणि विहिरीवरच बोलतात.

भाचीनं फोनमध्ये डेटिंग अ‍ॅप टाकून दिलं. उदगीर पडलं कर्नाटकाच्या हद्दीजवळ, त्यामुळं पन्नास किलोमीटरचं अंतर टाकलं की अर्धी माणसं बीदरकडची यायला लागली. तिकडून 'ऊटा आयता' आणि इकडून 'जेवलीस का' असे संदेश यायचे, म्हणजे दोन्ही भाषांत प्रश्न एकच. जेवले म्हणून कळवलं की पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवलीस का. एकानं मात्र मोठ्या आस्थेनं लांबलचक लिहिलं, वाचत गेले तर त्याच्या कुत्र्याला उलट्या होत होत्या. औषध सांगितलं. कुत्रा बरा झाला.

आणि मग त्याच अ‍ॅपवर नांदेडचे एक ग्रंथपाल भेटले. घटस्फोट झालेला, वय 44. जेवलीस का असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "गायीला तुम्ही ओळखू येता का?" ह्या एका प्रश्नावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो.

ते एसटीनं उदगीरला आले. हॉटेलात बसलो तर वाढणारा पोरगा ओळखीचा निघाला, त्याच्या बैलाचा खूर मी बरा केलेला. तो पाण्याचा जग घेऊन टेबलाशेजारीच उभा. "ताई, पाहुणे कुठले?" नांदेडचे, म्हटलं. "कोण लागतात?" त्यावर आम्ही दोघंही गप्प. तेवढ्यात फोन वाजला. एका वाडीवर देवणी जातीची कालवड अडली होती, पहिलंच वेत. मी उठले. ते म्हणाले, "मी आलो तर चालेल?"

गोठ्यात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कालवड वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. तिला उठवत नव्हतं. वासराचा एक पुढचा पाय मागं दुमडलेला. अशा वेळी ओढायचं नसतं. कळ ओसरली की वासराला आधी आत सारायचं, खूर मुठीत झाकून घ्यायचा, म्हणजे आत जखम होत नाही, आणि मग पाय पुढं आणायचा. ग्रंथपाल मोबाइलची बॅटरी धरून उभे होते. "थोडं डावीकडं," मी म्हणायची, ते डावीकडं करायचे. हात अजिबात हलला नाही. वासरू बाहेर आलं, शिंकलं, आणि तेव्हा ते एकदम कडब्याच्या पेंढीवर बसले. चेहरा पांढराफटक. घरातल्या म्हातारीनं गूळपाणी आणून दिलं. "जावईबापू, घाबरू नका, पहिल्यांदा होतंय असं." ते म्हणाले, "घाबरलो नाही मावशी, बसलोय फक्त." जावई नसल्याचं त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

निघताना मी घरच्यांना बजावलं होतं की बारा तासांत जार, म्हणजे वासरामागची वार, पडला नाही तर फोन करा. ते ह्यांच्या कानावर पडलं असणार. सकाळी उठले तर नांदेडहून संदेश आलेला: "जार पडला का?"

मी तो कितीदा वाचला! माझं सगळं काम ज्या गोष्टींनी भरलेलं आहे, त्यातली एक गोष्ट कुणीतरी रात्रभर लक्षात ठेवली होती. जार पडला होता. तसं कळवलं, आणि वर लिहिलं की तुमची आठवण येतेय. त्यांनी लिहिलं, "मलाही."

आता ह्यापुढचा प्रश्न आई विचारते, "पत्रिका बघायची का?" नको म्हटलं. आमच्या जाती वेगळ्या आहेत, आणि मामा त्यावरून सध्या बोलत नाहीत. लग्न झालंच तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं होईल. त्यात विवाह अधिकाऱ्याकडं 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावतात. येणारा-जाणारा वाचेल, वाचू द्या, मला आनंदच होईल. पण आत्ताच घाई नाही. कंधारचा किल्ला त्यांनी दाखवायचा आहे, माळेगावच्या जत्रेतला घोड्यांचा बाजार मी दाखवायचा आहे, आणि मी कुठली पुस्तकं वाचावीत ह्याची एक यादी त्यांनी केलीय, तिच्यावरून आमचं गोड भांडण चालू आहे. तेव्हा गोठ्यात भेटलात तर तारीख विचारू नका. ते काय म्हणतात ते विचारा, मी सगळं सांगेन.