गळ्यात अंडं, दप्तरात कांदा

परवा, 5 मेला, इथे चीनमध्ये, हांगझोऊत, माझी लेक ओवी बालवाडीतून आली ती गळ्यात अंडं घालून. उकडलेलं, सालासकट, लाल-हिरव्या दोऱ्याच्या जाळीत ओवलेलं. नेमका त्याच वेळी अकोल्याहून व्हिडिओ कॉल. आईने चष्मा वर केला, खाली केला. "काय गं ते पोरीच्या गळ्यात?" मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "अंडं? गळ्यात? आता हेच राह्यलं होतं."

तर हे 'लीशिया'चं अंडं. सूर्याच्या गतीवरून चिनी लोकांनी वर्षाचे 24 भाग पाडलेत, त्यातला हा सातवा, म्हणजे उन्हाळ्याचा पहिला दिवस. (हे 24 भाग 2016 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. आपल्या मृगाला आणि आर्द्रेला अजून कोणी विचारलं नाही, याचं मला उगाचच वाईट वाटतं.) या दिवशी पोराच्या छातीवर अंडं लटकवलं की उन्हाळाभर त्याला 'चूशिया' होत नाही. चूशिया म्हणजे अन्न जात नाही, अंग गळून जातं, कणकण वाटते. पोरं आपापली अंडी एकमेकांवर ठोकतात, ज्याचं फुटेल तो हरला. ओवीचं फुटलं नव्हतं म्हणून ती ते काढूच देईना.

संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात वजनं झाली. हांगझोऊत ही रीत अजून टिकून आहे, आमच्या गोंगशू भागात बानशान टेकडीपाशी तर जत्राच भरते. लांब लाकडी दांडीचा जुना काटा दोघांनी धरायचा, आकड्याला टोपली, टोपलीत पोर. दांडीवरचं वजन फक्त बाहेरच्या बाजूला सरकवायचं, आत आणायचं नाही, म्हणजे आकडा वाढताच राहिला पाहिजे. सोळा किलो चारशे! खालच्या मजल्यावरच्या आयींनी असा पुकारा केला की तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला असेल. आपल्याकडे पोराचं वजन असं चारचौघांत ओरडून सांगितलं असतं तर आईने मीठ-मोहऱ्या काढल्या असत्या. ऑगस्टमध्ये पुन्हा वजन करायचं, उन्हाळ्याने किती खाल्लं ते बघायला.

'आयी' म्हणजे इथे मावशी किंवा काकू. पहिले काही महिने मला ओळखदेख नसलेल्या बाईला 'आई' म्हणून हाक मारायला फार जड गेलं. आता उलटं झालंय, या आयी खरंच आईसारख्या वागतात. म्हणजे रागावतात. आणि मुख्यतः पाण्यावरून.

पाण्याचं मला जरा सविस्तर सांगू दे. या देशात थंड पाणी मागणं म्हणजे आपल्याकडे एकादशीला कोंबडी मागण्यासारखं आहे. हॉटेलात बसलात की समोर वाफाळता पेला, बाहेर पारा कितीही असो. स्टेशनवर उकळत्या पाण्याचे नळ, रेल्वेच्या डब्यात नळ, दवाखान्यात नळ. पुरुषमाणसं थर्मास घेऊन ऑफिसला जातात, आत शेवंतीची सुकी फुलं तरंगत असतात. डोकं दुखतंय? गरम पाणी. पाळी आलीय? गरम पाणी. मन उदास आहे? दुओ ह रे श्वेई, भरपूर गरम पाणी पी. इथल्या तरुण मुली याच वाक्यावरून नवऱ्यांची आणि मित्रांची टर उडवतात, त्यामुळे वैतागलेली मी एकटीच नाही एवढं समाधान. थंड पाण्याने जठराग्नी मंदावतो हा जुना समज आहेच, पण घराघरात उकळलेलं पाणी पोचवलं ते 1952 पासूनच्या सरकारी आरोग्य मोहिमांनी. साथीचे रोग रोखायचे होते. ते कारण मला मान्य. पण आता आमच्या घरी फिल्टर आहे हो!

मागच्या महिन्यात ओवीच्या बाईंचा मेसेज आला: "आज बाटलीत बर्फ होता." सोबत फोटो. बशीत काढून ठेवलेले बर्फाचे दोन खडे, पोलिसांनी मुद्देमाल मांडावा तसे. मी रात्री अकरापर्यंत उत्तर लिहीत बसले. मी कुठून आलेय ते सांगायचं होतं. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तेव्हा उन्हापायी 144 कलम लावलं होतं. कलम! दंगलीसाठी लावायचे ते. अशा गावची मी, मला तुम्ही उन्हाळा शिकवणार? शेवटी पाठवलं काय, तर "बरं, कोमट पाणी देईन" आणि एक फूल.

कारण गेल्या वर्षीची गोष्ट. अकोल्यात कोणाला सांगितलेली नाही.

गेल्या मेमध्ये बत्तीस-तेहतीसचा दिवस होता. आमच्याकडे याला उन्हाळा नाही, पहाट म्हणतात. भर दुपारी शीहू तलावाला सायकलने वळसा घातला आणि घरी येऊन एसीखाली बसून बर्फाची कॉफी गटागटा प्यायले. संध्याकाळी उलट्या, पोटात कळा, पाय लटपटताहेत. आमचं ऊन कोरडं, घाम येतो तसा वाळतो. म्हणून तिथे माठ गार होतो, कूलर चालतो. इथली हवा ओली, घाम अंगावरच बसून राहतो आणि आतली उष्णता आतच. पंचेचाळीसची माझी सगळी कमाई इथे चालेना, जुन्या नोटांसारखी.

आयी डबा घेऊन वर आल्या. आधी एसी बंद केला (वारा मानेवर येता कामा नये), मग डबा उघडला. ल्यूदौ थांग. मूग मोकळ्या पाण्यात उकळायचे, पुरते फुटायच्या आत वरचं हिरवट पाणी ओतून घ्यायचं. एक घोट घेतला आणि थांबलेच. अहो, हे तर कढण! जिरं नाही, हिंग नाही, वर खडीसाखर घातलेली, पण मुगाचं कढणच. चार हजार किलोमीटरवर मला कोणीतरी कढण पाजत होतं आणि वर समजावतही होतं की मूग थंड असतात. मी मान डोलावली. आपल्याकडे हे शेंबड्या पोराला माहीत असतं, हे सांगायचं त्राण नव्हतं.

रात्री आईला फोन केला, उलट्यांचं सांगितलं नाही, नुसतं पोट बिघडलंय म्हटलं. "उन्हातून आल्या आल्या गार ढोसलं असशील. आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा, बूड टेकायचं, मग पाणी. कितीदा सांगितलं?" म्हणजे दोघी एकाच पक्षाच्या. फरक फक्त आल्याचा. आई उन्हाळ्यात चहातलं आलं बंद करते. आयी म्हणतात हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, कारण उन्हाळ्यात शरीराची ऊब बाहेर येते आणि पोट आतून थंड पडतं. यात कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. दोघींच्या हातचं खाते.

बरं, अंड्याकडे येते. आईने ते 'खूळ' म्हटल्यावर मी जोरात हसले आणि मग एकदम आठवलं: परीक्षेच्या दिवसांत माझ्या दप्तरात कांदा असायचा. डोक्याला दुपट्टा आणि दप्तरात कांदा, म्हणजे लू लागत नाही. आमच्या वर्गात निम्म्या दप्तरांना तो वास. कांदा दप्तरात बसून नक्की काय करतो हे आम्ही कधी विचारलं नाही. आईला तसं म्हटलं तर म्हणाली, "कांद्याचं वेगळं आहे." आणि खरं सांगू, मलाही ते वेगळंच वाटतं. कांदा निदान भाकरीबरोबर खाता येतो. (अंडंही खाता येतं, असं नवरा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.)

काल हफांग गल्लीत गेले होते. 1874 सालचं हु छिंग यू थांग हे औषधालय तिथलंच. आत शिरलं की आपल्या काष्ठौषधींच्या दुकानाचा वास येतो, तोच धुरकट, कडसर. जवळच्या एका लहान दुकानात उन्हाळी आंबट सरबताच्या पुड्या होत्या: धुरावर सुकवलेली आलुबुखाऱ्यासारखी फळं, ज्येष्ठमध, संत्र्याची सुकी साल आणि लाल सुकी बोंडं. बोंड हातात घेतलं, चावलं. अंबाडी! आमच्या वऱ्हाडातली अंबाडी. मी नुसती बोंडंच अर्धा किलो घेतली.

घरी भिजवून, साखर आणि काळं मीठ घालून, फ्रीजमध्ये गार करून अंबाडीचं शरबत केलं आणि आयींना बोलावलं. त्यांनी रंग पाहिला, वास घेतला, एक छोटा घोट घेतला. छान आहे म्हणाल्या. मग दोन्ही पेले उचलून मायक्रोवेव्हमध्ये ठेवले.

गरम अंबाडी शरबत. पूर्ण पेला प्यायले. आईला हेही सांगितलेलं नाही.