तुम्ही विचारलंत म्हणून: एचएसएचं कार्ड मी आता का काढते

नोव्हेंबर आला की फोन सुरू होतात. सगळ्यांच्या ऑफिसात ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडायची मुदत, लागलेली असते, शेवटचा आठवडा उरलेला असतो, आणि कुठला प्लॅन घेऊ हे विचारून झालं की हळूच पुढचा प्रश्न येतो, एचएसएचा. म्हणजे वर्षाचा सुरुवातीचा मोठा खर्च (डिडक्टिबल) आधी आपणच भरायच्या प्लॅनसोबत मिळणारं, दवाखान्याच्या खर्चासाठीचं बचत खातं. ‘ताई, एचएसएला हात लावायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मग तुम्ही फार्मसीत सोळा डॉलरच्या औषधालाही तेच कार्ड कशा काढता?’

आजवर मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

शिकवलं मीच. आणि जे शिकवलं ते चूक नव्हतं, हेही आधीच सांगून ठेवते. पगारातून परस्पर खात्यात गेलेल्या पैशावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही कापले जात नाहीत. आत पैसा वाढला तर कर नाही, दुखण्याखुपण्यासाठी काढला तरी नाही. (आपलं न्यू जर्सी हे मानत नाही, राज्याचा कर भरावाच लागतो, कॅलिफोर्नियातही तसंच.) शिवाय पावतीला मुदत नाही. खातं उघडल्यानंतरचा खर्च असला की २०१६ची पावती दाखवून २०३६मध्येही पैसे काढता येतात. म्हणून आज बिल खिशातून भरा, पावती जपा, खात्यातले पैसे इंडेक्स फंडात वाढू द्या. मंडळाच्या हॉलमध्ये मी फळ्यावर लिहून दाखवलं होतं: ८,००० डॉलर, ७ टक्के, २० वर्षं, जवळजवळ ३१,०००. तुमच्यापैकी काहींनी त्या फळ्याचा फोटोही काढला होता.

आमच्या फ्रिजवर तर कागदच लावला होता मी. काय झालं तर कुठे जायचं आणि तिथे साधारण किती पडतात. फोनवरचे डॉक्टर, मग अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीचा दवाखाना, आणि सगळ्यात खाली लाल शाईत ईआर, हॉस्पिटलचा तातडीचा विभाग.

२०२४च्या जानेवारीचा पहिला आठवडा. गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. बेंबीभोवती. जेवला नाही. गॅस झालाय म्हणाला, मी गरम पाण्यात ओवा आणि सैंधव दिलं. शुक्रवारी तो घरूनच काम करत होता, लॅपटॉप पोटापासून लांब धरून, एका कुशीवर. दुखणं उजवीकडे सरकलं होतं, पण ते त्याने मला नंतर सांगितलं. मी विचारलं, ‘जायचं का डॉक्टरकडे?’ तो म्हणाला, ‘सोमवारी बघू.’ मी बरं म्हटलं.

त्या ‘बरं’मागे काय होतं ते मला माहीत आहे. डिसेंबर असता तर मी त्याला ओढत नेलं असतं. मुलीच्या हाताच्या फ्रॅक्चरने २०२३चं डिडक्टिबल कधीच भरून गेलं होतं. १ जानेवारीला पाटी पुन्हा कोरी झाली होती. ४,००० डॉलर आधी आपले, मग पुढचं. मी हे शब्दांत स्वतःशी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, इतकं ते अंगात मुरलं होतं.

शनिवारी पहाटे दुखणं एकदम कमी झालं. आम्ही दोघं खूश. त्याने अर्धा कप चहा घेतला. त्या वेळी अपेंडिक्स फुटलं होतं. फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, हे मला नंतर सर्जनने सांगितलं. दुपारी थंडी वाजून ताप १०३ वर गेला. गाडीत बसताना तो म्हणाला, ‘ईआर नको गं, आधी अर्जंट केअर. कागदावर तसंच आहे ना?’ आणि मी खरंच अर्जंट केअरला गाडी नेली. तिथल्या डॉक्टरने पोट एकदाच दाबून हात उचलला आणि म्हणाले, इथे थांबू नका. त्यात पाऊण तास गेला.

ईआरमध्ये विचारलं, ‘कधीपासून दुखतंय?’ प्रश्न त्याला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘काल रात्रीपासून.’ मी म्हटलं, ‘परवा संध्याकाळपासून.’

ऑपरेशन, पोटात नळी, शिरेतून अँटिबायोटिक, आठ दिवस. आमच्या प्लॅनमध्ये वर्षात खिशातून भरायची कमाल मर्यादा ८,००० होती, ती जानेवारीतच गाठली. पहिल्या रात्री बाहेरच्या खुर्चीत बसून मी फोनवर खातं उघडलं. ४१,००० आणि वर काही. दवाखान्याच्या नावाने बाजूला काढलेले पैसे, आणि दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवताना आम्हा दोघांपैकी एकालाही ते आठवले नव्हते. माझ्या लेखी ते म्हातारपणाचे होते.

पीपीओ, म्हणजे हप्ता जास्त पण डिडक्टिबल कमी असलेला प्लॅन, असता तरी तो सोमवारच म्हणाला असता, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते. त्याला लहानपणापासून हॉस्पिटलचं वावडं आहे. आमच्या विमा कंपनीची नर्सची फोनलाइन चोवीस तास आणि फुकट होती, तीही आम्ही फिरवली नाही. ते काही डिडक्टिबलमुळे नाही. तो स्वतः म्हणतो, ‘तुझ्या कागदाचा काय संबंध, मला गॅसच वाटला.’ कधी कधी मला ते पटतं. मग ते आधी माझ्याकडे पाहणं आठवतं.

म्हणून कार्ड. खिशातून भरायचं म्हटलं की महिन्याचा हिशेब हलतो आणि घरातला प्रत्येक जण तो हलताना बघतो. कार्डाचे पैसे आधीच गेलेले असतात, दुखण्याच्या नावाने. मुलीलाही एक कार्ड दिलंय. कुठे जातेस, किती पडले, विचारत नाही. फ्रिजवरचा कागद काढला, तिथे फक्त ईआरचा पत्ता आहे.

फळ्यासमोर उभी राहणारी ती बाई अजून माझ्याशी भांडते. म्हणते, घाबरलीस आणि चुकीची गोष्ट बदललीस. ईआरला वेळेवर जाणं आणि बिल कुठून भरायचं हे दोन वेगळे निर्णय आहेत. आधी जा, मग सावकाश ठरव. तिचं गणित मला खोडता येत नाही. पण ते दोन निर्णय आमच्या घरात कधी वेगळे झालेच नाहीत, हे तिला कसं सांगू? आणि तिने त्या वर्षी एका नव्याने आलेल्या जोडप्याला, एका पगारात, दिवस गेलेले असताना हाच प्लॅन सुचवला होता. त्यांचं सगळं नीट पार पडलं. मला मात्र अजून त्यांच्याशी बोलताना अवघडायला होतं.

आईवडिलांचं विचारता, तेही सांगते. भारतात राहणाऱ्या, भारताच्याच नागरिक असलेल्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं बिल यातून चालत नाही. काढलेत तर प्राप्तिकर आणि ६५ वर्षांच्या आत वर २० टक्के दंड. पुण्यात तुम्ही स्वतःच्या दाताचं काम करून घेतलंत तर मात्र ते चालतं, पावती घ्या.

माझ्या जुन्या पावत्यांचं फोल्डर तसंच आहे. ११,३४० डॉलरच्या. त्यातलं एक डॉलरही मी काढलेलं नाही.

आणि हो, यंदाही तोच प्लॅन घेतला. पीपीओचा हप्ता महिन्याला २६० डॉलर जास्त होता. मी फॉर्म भरत होते तेव्हा नवऱ्याने मागून विचारलं, ‘डिडक्टिबल किती आहे गं यंदा?’

मी त्याला आकडा सांगितला नाही.