मेजर स्टॅटिस्टिक्स, मायनर फिल्म अँड मीडिया स्टडीज : माझा अनुभव

मुख्य विषय (मेजर) स्टॅटिस्टिक्स आणि जोडीचा छोटा विषय (मायनर) फिल्म, हे कॉम्बिनेशन सांगितलं की समोरचा दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. "म्हणजे तू डायरेक्टर होणार?" नाहीतर "पिक्चर बघून क्रेडिट मिळतात? मजा आहे बुवा." पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं असं की पिक्चर बघतो हे खरंय, पण ज्या पद्धतीने बघायला लावतात त्यात मजा यायला बराच वेळ जातो. आता माझं मायनर पूर्ण झालंय आणि ज्युनियर्स सारखे विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी कंटाळवाणी माहिती, कारण बरेच जण अडकतात ते इथेच. मायनर म्हणजे साधारण पाच-सहा कोर्स, बऱ्याच ठिकाणी १५ ते १८ क्रेडिट. त्यात एक इंट्रो, एक इतिहासाचा, एक थिअरीचा आणि उरलेली इलेक्टिव्ह्ज, म्हणजे आपल्या निवडीची. कागदावर एकदम सोपं. पण इंट्रो झाल्याशिवाय पुढचं काही घेता येत नाही आणि त्या इंट्रोच्या जागा आधी फिल्म मेजरवाल्यांना, आपण वेटलिस्टवर, आणि थिअरीचा कोर्स दर सेमिस्टरला नसतोच, त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्यांची शेवटच्या वर्षी पळापळ होते. दुसरं म्हणजे क्रॉस-लिस्टेड कोर्स. एकच वर्ग, एकच प्रोफेसर, पण सोशिऑलॉजीचा नंबर वेगळा आणि फिल्मचा वेगळा. रजिस्टर करताना फिल्मच्याच नंबरने करा, नाहीतर नंतर क्रेडिट इकडून तिकडे हलवायला अर्ज, सह्या, परत अर्ज. आणि मेजरचा कोर्स मायनरमध्येही मोजतात का, मोजत असतील तर किती, हे तोंडी विचारू नका, ईमेलवर लेखी घ्या.

टाइमटेबलचा खरा घोळ स्क्रीनिंगचा. लेक्चर वेगळं आणि स्क्रीनिंग वेगळं, दोन-तीन तासांचा सलग स्लॉट, बहुतेक वेळा संध्याकाळी, आणि माझी कॉम्प्युटिंगची लॅब नेमकी त्याच वेळेला. लॅपटॉपवर बघितलं तर चालेल का असं मी विचारलं, तर म्हणाले असाइनमेंटसाठी चालेल, पहिल्यांदा बघताना नाही. तेव्हा राग आला होता. पण मूकपट अंधारात, मोठ्या पडद्यावर, मध्ये पॉज न करता बघणं आणि खोलीत कानात हेडफोन घालून बघणं यात फरक आहे हे मान्य करावं लागतं. शेवटी लॅबची बॅच बदलून घेतली. माझ्या मेजरच्या ॲडव्हायजरना हे सगळं वेळेचा अपव्यय वाटत होतं, त्यांनी दोनदा ॲप्लाइड मॅथ्सचं मायनर सुचवलं, मी दोनदा हो-हो म्हटलं आणि फिल्मचा फॉर्म भरला.

आता मुख्य गोष्ट. पहिली मोठी असाइनमेंट होती शॉट लॉग. तीन मिनिटांची क्लिप, आणि प्रत्येक शॉटची (एका कटपासून पुढच्या कटपर्यंतच्या तुकड्याची) नोंद: किती सेकंद, क्लोजअप की लाँग, कॅमेरा कुठल्या उंचीवर, हलतोय की स्थिर, आवाज फ्रेमच्या आतून येतोय की बाहेरून, पुढचा शॉट कटने येतोय की डिझॉल्व्हने (एक चित्र दुसऱ्यात विरघळत). तीन मिनिटांना अख्खी संध्याकाळ जाते, आणि विशेषणं वापरायची नाहीत. सरांनी वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पेपरातले "सुंदर", "प्रभावी", "अंगावर येणारा" हे शब्द लाल पेनाने खोडले होते, शेजारी लिहिलेलं, "काय दिसतं ते सांगा". मला वाटतं आख्ख्या मायनरमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच होती. आपण पिक्चरबद्दल बोलतो म्हणजे बहुतेक वेळा गोष्ट सांगतो आणि आवडला-नाही आवडला सांगतो, पडद्यावर नेमकं काय होतं ते कुणाला विचारून बघा, सांगता येत नाही.

इतिहासाच्या कोर्समध्ये हेच पुन्हा वेगळ्या बाजूने आलं. कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल, नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाडग्याला जोडलेला, एकदा शवपेटीला, आणि बघणाऱ्यांना म्हणे एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, जे आहे ते सांगोवांगी, आणि स्टॅट्सवाली म्हणून माझा पहिला प्रश्न की सॅम्पल किती होतं, कंट्रोल ग्रुप होता का. वर्ग हसला. पण अर्थ शॉटमध्ये नसून दोन शॉटच्या जोडणीत असतो हे डोक्यात बसलं ते बसलंच. मग तंत्राचा भाग, जो मला फार आवडला. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे कॅमेऱ्यातलं १००० फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. हिचकॉकने १९४८ च्या 'रोप'मध्ये लांबलचक शॉट घेतले तरी दहा मिनिटांच्या आसपास थांबावंच लागलं ते यामुळे. आणि २००२ मध्ये 'रशियन आर्क' आख्खा, जवळपास दीड तास, एका शॉटमध्ये झाला कारण तो डिजिटल, हार्ड डिस्कवर रेकॉर्ड होत होता. "कलात्मक निर्णय" म्हणून आपण जे कौतुक करतो त्यातलं थोडंफार फुटांच्या हिशोबातून आलेलं असतं.

थिअरीने मात्र रडवलं. फिल्म अभ्यासक लॉरा मल्वीचा १९७५ चा 'पुरुषी नजरे'वरचा (पडद्यावरची बाई पुरुषाच्या नजरेतून दाखवली जाते यावरचा) निबंध, तेवढीशी पानं आणि प्रत्येक ओळीत फ्रॉइड नाहीतर लाकाँ, म्हणजे मनोविश्लेषणवाले. मला जमलं ते एका युक्तीने. मल्वी तीन नजरा वेगळ्या करते, कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे बघण्याची, तर मी माझ्या शॉट लॉगमध्ये एक कॉलम वाढवला: हा शॉट कोणाच्या डोळ्यांतून आहे. दोन सीन भरल्यावर निबंध परत वाचला आणि निम्मा तरी कळला. उरलेला अर्धा अजूनही कळलाय असं म्हणणार नाही, आणि सगळं मनोविश्लेषण मला पटतही नाही, पण तो कॉलम मी अजून भरते.

मीडियाचा भाग लोक हलका समजतात, तो नाहीये. मीडिया अभ्यासक स्टुअर्ट हॉलचं १९७३ चं एन्कोडिंग-डिकोडिंग: बनवणारा एक अर्थ भरतो, बघणारा तो जसाच्या तसा घेऊ शकतो, थोडी घासाघीस करून घेऊ शकतो किंवा सरळ उलटा घेऊ शकतो. नंतर डेव्हिड मॉर्लीने बीबीसीच्या 'नेशनवाइड' कार्यक्रमाचे भाग वेगवेगळ्या कामधंद्यांतल्या गटांना दाखवून चर्चा घेतल्या, १९८० मध्ये ते छापून आलं, आणि निघालं काय तर कोण कसा अर्थ लावेल हे नुसत्या आर्थिक वर्गावरून ठरत नाही. थिअरी काढायची आणि मग माणसांकडे जाऊन तपासायची, इथे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

प्रॅक्टिकल कोर्सबद्दल थोडंच सांगते. ग्रुपमध्ये एक जण कायम गायब असतो, हे गृहीत धरा. कॅमेऱ्यापेक्षा आवाजाने जास्त त्रास दिला, आणि शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून घ्या (कटच्या मधल्या रिकाम्या जागा भरायला लागतो), एडिटिंगला बसल्यावर आठवण काढाल माझी.

फायनल पेपरला मी हट्टाने दोन्ही विषय एकत्र केले. फिल्म अभ्यासक बॅरी सॉल्टने १९७४ मध्येच शॉटची लांबी मोजून शैलीचा अभ्यास करायची पद्धत मांडलेली आहे आणि युरी त्सिव्यानने २००५ मध्ये सिनेमेट्रिक्स ही वेबसाइट सुरू केली ज्यात पिक्चर बघता बघता कटला बटण दाबून डेटा गोळा करता येतो. त्यामुळे "हे फिल्म स्टडीज नाही" असं कोणी म्हणायच्या आत मी दोन नावं पुढे केली. मी मूकपटांचा शेवटचा काळ आणि बोलपटांची सुरुवात घेतली. आवाज आल्यावर शॉट लांबतात, हे आधीच माहीत आहे, आणि एक कारणही ठाऊक आहे, कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून सुरुवातीला कॅमेरे साउंडप्रूफ खोपटात कोंडलेले असायचे. माझा मुद्दा सरासरीवर होता. शॉटच्या लांबीचं डिस्ट्रिब्युशन एका बाजूला झुकलेलं असतं, पुष्कळ छोटे शॉट आणि मोजके फार लांब, त्या मोजक्यांमुळे सरासरी वर ओढली जाते, मग मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) वापरायचा की नाही? यावर अभ्यासकांची खरंच भांडणं झालेली आहेत, सॉल्ट सरासरीच्या बाजूने आणि निक रेडफर्न मीडियनच्या. मी दोन्ही काढले आणि कुणाचे शॉट जास्त लांब यात माझ्या दोन पिक्चर्सचा क्रम बदलला. मी खूश. पेपर तपासणाऱ्या मॅडमनी ड्राफ्टवर एवढंच लिहिलं, "मग काय?"

बरोबर होतं त्यांचं. चाळीस सेकंदांचा एक शॉट असतो ज्यात एक माणूस नुसता बसलाय, आणि चाळीस सेकंदांचा दुसरा असतो ज्यात चार माणसं जागा बदलतात, एक मागून पुढे येतो, दुसरा पाठ फिरवतो, म्हणजे एडिटिंगचं काम न कापताच होऊन जातं. माझ्या टेबलमध्ये दोन्ही ४०. मग परत बसून सगळे लांब शॉट बघितले आणि कोण कुठे उभं राहतं, कधी हलतं हे लिहिलं, पेपरचा निम्मा भाग तोच झाला आणि चांगला भागही तोच.

शेवटचं, फॉर्मचं. मायनर डिक्लेअर केलं म्हणजे ते ट्रान्सक्रिप्टवर आपोआप येतंच असं नाही, शेवटच्या सेमिस्टरच्या आधी डिग्री ऑडिट (कुठला कोर्स कशात मोजलाय त्याचा तक्ता) काढून बघा, माझ्यात एक इलेक्टिव्ह चुकीच्या रकान्यात पडलं होतं. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ जपून ठेवलेला होता म्हणून ते निस्तरलं, ऑफिसला कोर्सचं नुसतं नाव पुरत नाही, कुठल्या आठवड्यात काय शिकवलं ते मागतात. आणि थिअरी कुठल्या सेमिस्टरला घ्यावी असं विचाराल तर इंट्रोच्या लगेच पुढच्या, म्हणजे शॉट लॉगची सवय मोडायच्या आत.