हेल्प, हेल्प्ड, हेल्प्ड

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत भाचीचं पाठांतर सुरू झालं. गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट. तीन शब्दांचा ठेका, एक श्वास, की पुढचे तीन. थोडा वेळ ऐकलं आणि पडल्यापडल्याच विचारलं, "यात हेल्प कसं नाही गं?"

"मावशी, ते रेग्युलर आहे. त्याचं काय पाठ करायचं? मागे ईडी लावला की झालं!"

म्हणजे हेल्पचा निकाल एका वाक्यात. व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी जो तक्ता असतो, तो सगळा बेशिस्त क्रियापदांचा. जो सरळ वागतो त्याचं नाव तिथे शोधून सापडायचं नाही. मला का कोण जाणे, हेल्पसाठी जरा वाईटच वाटलं.

आमच्या वर्गात बाई बाकांच्या ओळीनं एकेक क्रियापद विचारत जायच्या. आपल्या वाट्याला कोणतं येणार, हे मी आधीच पुढची डोकी मोजून काढायची. टीच किंवा कॅच येणार असं दिसलं की पोटात गोळा, आणि हेल्प किंवा प्ले आलं की असं ऐटीत उभं राहायचं, जणू ते क्रियापद आपणच घडवलंय. माझी शेजारीण मात्र कशालाच घाबरायची नाही. तिनं सगळ्या इंग्रजीला एकाच दावणीला बांधलं होतं: टीच, टीच्ड, टीच्ड. कॅच, कॅच्ड, कॅच्ड. वर्ग हसायचा, बाई तिला उभी करून ठेवायच्या, आणि ती उभ्यानंच खिडकीबाहेर बघत राहायची.

पुष्कळ वर्षांनी कळलं की तिच्या बाजूनं बोलणारी माणसं जगात होती. १९५८ मध्ये जीन बर्को नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं लहान मुलांना चित्रं दाखवून मनानं बनवलेली क्रियापदं ऐकवली. हा माणूस रिक करतोय, कालही त्यानं तेच केलं, तर काल त्यानं काय केलं? मुलांनी बेधडक सांगितलं, रिक्ड. हा शब्द त्यांनी कुठेही ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. म्हणजे पाठांतराच्या आधीच नियम डोक्यात जाऊन बसलेला. आपली मुलंही "मी करलं" म्हणतातच की. "केलं" हे नंतर, दहा वेळा टोकल्यावर येतं. शेजारणीचं टीच्ड त्याच घराण्यातलं. तिला उभं करण्याऐवजी शाबासकी द्यायला हवी होती, पण बाईंना पुढची ओळ संपवायची होती.

बरं, हेल्प तरी जन्मापासून एवढं सरळ कुठे होतं! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा भूतकाळ होता हेअल्प, अनेकवचनात हुल्पोन, आणि तिसरं रूप होल्पन. जर्मन लोक आजही हेल्फेन, हाल्फ, गेहोल्फेन असं घोकतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येसुद्धा होल्पन भेटतं. म्हणजे आमच्या वर्गात ज्याच्या जिवावर आम्ही ऐट मिरवली, ते गृहस्थ तरुणपणी चांगलेच वांड होते.

वांडपणा टिकतो तो ज्यांची रोज गरज लागते त्यांचाच. २००७ मध्ये हार्वर्डच्या काही संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा माग काढला. मधल्या काळात १४५ तशीच राहिली, आता ९८. क्रियापद जितकं कमी वापरात, तितक्या लवकर त्याला ईडी चिकटतो. शंभर पट कमी वापर असेल तर दहा पट वेगानं. बी, हॅव, डू, गो यांना कोण हात लावणार? चोवीस तास तोंडात असलेल्यांचे लाड चालतात, बाकीच्यांनी नियमानं वागायचं. हे घराघरांतही खरं असावं, पण तो विषय नको.

आणि हा ईडी तरी काय सरळ आहे? लिहायला एक, बोलायला तीन. प्लेडमध्ये ड, वॉन्टेडमध्ये इड, आणि हेल्प्डमध्ये चक्क ट. खरा उच्चार हेल्प्ट. आम्ही सगळा वर्ग मिळून "हेल्पेड" असा गजर करायचो. त्यातही तसं काही वावगं नव्हतं, फक्त काही शतकं उशीर झाला होता. पूर्वी तो मधला ए खरोखर उच्चारत. तो गिळायला लागले तेव्हा जोनाथन स्विफ्टसारखा मोठा लेखक १७१२ मध्ये जाहीर पत्र लिहून चिडला होता, की स्वर गाळून हे लोक भाषा कर्कश करताहेत. ब्लेसेड आणि लर्नेडमध्ये तो ए अजून तग धरून आहे.

त्याहून गंमत म्हणजे, हा ईडी मुळात डू या क्रियापदाच्याच जुन्या भूतकाळाचा झिजलेला तुकडा असावा, असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे हेल्प्ड म्हणजे जवळपास "हेल्प केलं". आपण तरी काय करतो? सेव्ह केलं, डिलीट केलं, हेल्प केली. परकं क्रियापद दारात आलं की आपण त्याच्यामागे "करणे" लावून त्याला आत घेतो. इंग्रजांनी तेच फार पूर्वी केलं, आणि जोड इतकी झिजू दिली की आता सांधा दिसत नाही. म्हणून कुणी "डिड यू हेल्प्ड?" म्हणालं की मला हसू येत नाही. एकाच वाक्यात दोनदा "केलं", एवढंच.

एसची तऱ्हा वेगळी. मुलगा एकटा असला की क्रियापदाला एस, मुलगे अनेक झाले की एस नामाकडे, आणि क्रियापद पुन्हा उघडं. द बॉय हेल्प्स, द बॉइज हेल्प. दोन भावांत एकच सदरा, ज्याला बाहेर जायचं त्यानं घालायचा. बाकी आय, यू, वी, दे कुणीही या, हेल्प जसंच्या तसं. बोलणारा पुरुष की बाई, याचाही पत्ता लागू देत नाही. "मी मदत करते" म्हटलं की मी उघडी पडते. आय हेल्पच्या मागे मात्र कुणीही लपू शकतं.

रूपांचं एवढं सगळं झाल्यावर वाटावं की आता हाती आलं. पण वापरायला गेलं की हेच सालस क्रियापद हात दाखवतं. हेल्प युवरसेल्फ म्हणजे हवं ते घ्या. आय कान्ट हेल्प लाफिंग म्हणजे मला हसू आवरत नाही. यात मदत कुणी कुणाला केली? आणि पुढे टू येईल म्हणून वाट बघावी, तर आयएनजी. हेल्प मी कॅरी धिस म्हणा नाहीतर हेल्प मी टू कॅरी धिस, दोन्ही बरोबर, आणि हल्ली बहुतेक जण टू गाळूनच बोलतात. मी अजून घालते. भाची म्हणते, जुनाट वाटतं. वाटू दे. टू नसला की वाक्याची एक पायरी चुकल्यासारखी होते. कान्ट हेल्प इट, दुसरं काय!