कोठडी बदलून घेताना

तुरुंगात कोठडी बदलून हवी असेल तर अर्ज कोण लिहून देतो ते आधी बघा. आमच्याकडे अर्ज लिहून देणारा शिक्षा झालेला, पक्का कैदी होता, आणि ज्याच्याविरुद्ध मला तक्रार करायची होती त्याच्याच बिस्किटांवर तो जगायचा. माझा राग अजून तिथेच अडकलाय. अटक, पोलीस कोठडी, वैद्यकीय तपासणी, सगळं पार पडलं होतं.

मी डिचोलीचा, वय चोवीस, कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही. कोठडीत भाऊची सत्ता. पंख्याखाली कोण, संडासाजवळ कोण, फोनची पाळी कोणाची, सगळं तो ठरवायचा. दुसरा होता शेठ. नवीन, पण घरून कॅन्टीनला पैसे येणारा. मी गेलो त्याच रात्री भाऊने मला पंख्याखाली जागा दिली, सकाळी शेठने साबण दिला. दोघांची चुरस माझ्यावरून आहे हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळची गिनती होऊन दार बंद झालं की सकाळपर्यंत आत दुसरं सरकार नसतं. फुकटचा साबण घेऊ नका, हे तेव्हाच सांगतो.

शरीराच्या इच्छेला मी वाईट म्हणत नाही. शेजारच्या कोठडीत दोघांचा एकमेकांवर खरा जीव होता. त्यांची टिंगल झालेली मला खपत नसे. राजीखुशीचे असे संबंध सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये गुन्ह्यातून बाहेर काढले. पण माझी झोपायची जागा ज्याच्या हातात, त्याला मी हो म्हटलं तर ती राजीखुशी कशी? शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या 377 सारखं, पुरुषावरच्या जबरदस्तीलाही लागणारं कलमच नाही, आणि बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून पुरुष येत नाही. सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर मारहाणीसारख्या कलमांवर भागवावं लागतं. म्हणून काही घडायच्या आधी तिथून निघायचं, एवढंच डोक्यात होतं.

पहिला अर्ज त्या लिहून देणाऱ्याकडे दिला. रात्री भाऊने तो कोठडीत मोठ्याने वाचून दाखवला. शेठ हसला, आणि माझं अंथरूण संडासाजवळ गेलं. दुसरा अर्ज मी स्वतः लिहून वॉर्डरच्या हातात दिला. 'साहेबांकडे आहे', 'जागा नाही', 'पुढच्या आठवड्यात बघू'. पोच मागितली तर म्हणे, तुरुंगात पोच मिळत नाही. मुलाकातीला आई यायची, पण आमच्या मागे वॉर्डर उभा असायचा. तिला काय सांगणार? रोज संध्याकाळी दार लागताना पोटात गोळा यायचा, कारण कागद ज्या हातांतून जायचा ते सगळे हात भाऊच्या ओळखीचे.

वाट सापडली ती तारखेला. तुम्हाला जास्तीत जास्त 15 दिवसांनी न्यायाधीशांपुढे हजर करावंच लागतं, मग व्हिडिओवर का असेना. तो वेळ फार थोडा असतो, म्हणून पहिलंच वाक्य कामाचं हवं. मी म्हटलं, 'माझ्या जिवाला कोठडीत धोका आहे, मला लीगल एडचा वकील हवा.' न अडखळता म्हटलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकीलबाईंनी थेट न्यायालयात अर्ज दिला, न्यायाधीशांनी तुरुंगाकडून अहवाल मागवला, आणि जी जागा नव्हती ती निघाली. नव्या कोठडीत पहिल्या रात्री मी गाढ झोपलो.

एक राहिलं. वय 21 च्या आत असेल तर अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा; तरुणांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवावं असं आदर्श कारागृह नियमावलीत आहे. आणि घरच्यांनी तोच मजकूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना बाहेरून द्यावा, दोन प्रतींत. तिथे आवक शिक्का मारून एक प्रत परत घेता येते.