एकच मजकूर, तीन नंबर

४ मार्च २०१३, केनियातला मतदानाचा दिवस. नैरोबीतल्या एका लहान कंपनीत मी नकाशांचं काम करायचे. निवडणुकीच्या आठवड्यापुरतं कंपनीने मला ‘उचागुझी’साठी, म्हणजे निवडणुकीत कुठे काय घडतंय ते नकाशावर मांडणाऱ्या उपक्रमासाठी, मोकळं केलं होतं. नगोंग रोडवर बिशप मागुआ सेंटरमध्ये तेव्हा आयहब या तंत्रज्ञांच्या सामायिक कार्यालयाची जागा होती, तिथे आमची टेबलं मांडलेली. देशभरातून लोक एसएमएस, ट्वीट पाठवणार. एक टेबल ते वाचून भाषांतर करणार, दुसरं जागा शोधणार, तिसरं खरंखोटं तपासणार, मग नकाशावर नोंद. मी दुसऱ्या टेबलावर.

याची मुळं पाच वर्षं मागे होती. ३० डिसेंबर २००७ ला निवडणुकीच्या वादग्रस्त निकालानंतर राष्ट्राध्यक्ष किबाकींनी संध्याकाळी घाईघाईने शपथ घेतली आणि त्याच दिवशी सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. टीव्ही गप्प, रस्त्यावर कत्तल. ओरी ओकोलोह ही तरुण वकील तेव्हा ‘केनियन पंडित’ या ब्लॉगवर लोकांकडून आलेल्या बातम्या देत होती. एकटीने ते झेपेना. जानेवारीच्या सुरुवातीला तिने लिहिलं, की कुठे काय घडतंय ते नकाशावर मांडायला कोणी मदत कराल का? एरिक हर्समन, डेव्हिड कोबिया, ज्युलियाना रोटिच असे काही जण पुढे आले आणि थोड्याच दिवसांत ‘उशाहिदी’ हे नकाशाचं संकेतस्थळ उभं राहिलं. त्या हिंसाचारात अकराशेवर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. २०१३ चा आमचा नकाशा त्याच ‘उशाहिदी’वर चालत होता.

आमच्या टेबलावरचं काम दुरून सोपं वाटतं. पण केनियात एकाच नावाच्या शाळा ढीगभर, आणि मेसेज पाठवणारा लिहितो ‘चर्चच्या मागे’. कुठलं चर्च, बाबा? किबेरा ही नैरोबीतली झोपडपट्टी तर २००९ पर्यंत बहुतेक नकाशांवर कोरीच होती. लाखाहून जास्त लोकांची वस्ती, पण गल्ल्याच नाहीत! तिथल्याच पोरांनी जीपीएस घेऊन, पायी हिंडून गल्ल्या, नळ, दवाखाने, शाळा नोंदवल्या. त्या दिवशी मी जे काही शोधू शकले ते त्यांच्या जिवावर.

सकाळी आलो तेव्हा किनाऱ्यावरच्या मोम्बासा-किलिफीकडे रात्री पोलिसांवर हल्ले झाल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं. त्यामुळे खोलीत जरा ताणच होता. त्यात उन्हं वर आल्यावर तो मेसेज आला: किबेऱ्यातल्या एका शाळेपाशी पोरं कोयते घेऊन जमलीत, लोक पळताहेत. पाठोपाठ तसाच दुसरा. मग तिसरा. नंबर तिन्ही वेगळे. शाळा मला लगेच सापडली.

माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, ‘तीन साक्षीदार झाले, टाकूया.’ पडताळणीची प्रमुख उठून आली. २००८ मध्ये ती स्वतः ब्लॉगर म्हणून रात्र रात्र जागलेली. तिने तिन्ही मेसेज एकाखाली एक लावले. शब्द तेच, स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. ‘हा एकच माणूस आहे,’ ती म्हणाली. ‘बाकी दोघांनी पुढे ढकललंय.’

मग फोन. पहिल्या दोघांनी सांगितलं, आम्हाला मित्राकडून आला. तिसरी एक बाई होती आणि ती रांगेतच उभी होती. प्रमुखाने तिला ‘काय झालं’ असं विचारलंच नाही. विचारलं, ‘तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात? समोर काय दिसतंय?’ मी नकाशावर बोट ठेवून ऐकत होते. फाटक, पत्र्याचं दुकान, मैदान, सगळं जुळलं. बोटांचे ठसे घेणारं यंत्र बंद पडलं होतं, पहाटेपासून ताटकळलेली माणसं फाटकावर रेटारेटी करत होती, आरडाओरडा चालला होता. आणि कोयते? ‘कोणीतरी ओरडलं कोयते म्हणून. मी पाहिले नाहीत.’

तिथे ओळखीचा एक निवडणूक निरीक्षक होता, त्याने तेच सांगितलं. आम्ही ‘यंत्र बंद, फाटकावर गर्दी’ एवढं पडताळलेलं म्हणून नकाशावर टाकलं आणि निरीक्षकांच्या संस्थेला कळवलं. यंत्रं त्या दिवशी ठिकठिकाणी बंद पडली, छापील यादीवर मतदान झालं.

शेजारच्या मुलाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की २००८ मध्ये सरकारने तोंडं बांधली, आता आपणच बांधतोय. तो अगदीच चुकत नव्हता. त्या निवडणुकीत वर्तमानपत्रं आणि वाहिन्या ‘शांतता, शांतता’ म्हणत इतक्या जपून बोलत होत्या की अवघड प्रश्नच कोणी विचारेना. प्रमुख त्याला म्हणाली, ‘मी काही लपवलेलं नाही. बाईने जे पाहिलं ते टाकलं.’ मला तिचं पटतं. तरी तो मेसेज ‘अपुष्ट’ म्हणून तरी दिसायला हवा होता का, यावर त्या दोघांची जेवणाच्या वेळीही जुंपली.

दुसऱ्या दिवशी मेसेजचा नूरच पालटला. मतमोजणीत रद्द मतांचा आकडा फुगत चालला होता आणि लोक आम्हाला विचारत होते, हे काय चाललंय? प्रोग्राममधल्या चुकीमुळे तो आठपट दिसत होता, हे पुढे कळलं. त्या तक्रारींना मतदान केंद्र नव्हतं, गाव नव्हतं. देशाची मोजणी नैरोबीतल्या ‘बोमास’च्या सभागृहात होती. मी सगळ्या तक्रारी तिथे एका ठिपक्यावर रचायला घेतल्या. प्रमुख आली, पाहून हसली आणि म्हणाली, ‘राहू दे, जागा बरोबर आहे.’