काल तर चांगले शेतात गेले होते

लातूरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे. निलंगा, औसा, उदगीरकडून लकव्याचे पेशंट येतात. पहाटे जास्त, आणि थंडीत आणखी जास्त. पेशंटला टेबलावर घेऊन मी डोक्याला पट्टा बांधत असते, तोवर दाराबाहेर सोबतची माणसं एकमेकांना सांगत असतात: अचानक झालं हो, काल तर चांगले शेतात गेले होते. त्यांचं म्हणणं खरंच असतं. पण स्क्रीनवर मला जे दिसतं ते कालचं नसतं, बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू झालेलं असतं. मेंदूतली रक्ताची नस फुटून होणाऱ्या या लकव्याबद्दल मला मनापासून लिहायचंय.

प्लेन सीटीत, म्हणजे डाय न टोचता काढलेल्या स्कॅनमध्ये, ताजं साखळलेलं रक्त पांढरं दिसतं. मशीनच्या घनतेच्या मोजमापात पाण्याचा आकडा 0, मेंदूचा 30-40 च्या आसपास, गोठलेल्या रक्ताचा 60-70. मेंदूचे काप, म्हणजे आडव्या थरांची चित्रं, एकेक करून वर सरकतात आणि मेंदूत खोलवर, पुटामेन किंवा थॅलॅमस नावाच्या भागात, लिंबाएवढा पांढरा गोळा उजळतो. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "कुठे आहे?" कारण जागा कळली की कोणती नस फुटली असेल आणि त्या नसेच्या भिंतीतल्या कोणत्या पेशी आधीच गेल्या असतील, याचा बराचसा अंदाज येतो.

नसेची भिंत म्हणजे नुसती नळी नाही, ती जिवंत पेशींची आहे. सगळ्यांत आत एंडोथेलियल पेशींचा एकच थर. मेंदूत या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू शकत नाही. याच पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि बाहेरच्या थराला सैल पडायला सांगतात. (या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं.) धमनीत त्याच्या बाहेर स्मूथ मसलच्या (आपोआप आवळणाऱ्या स्नायूंच्या) पेशी, नसेला गोल वेढून बसलेल्या. दाब वाढला की त्या आवळतात, उतरला की सैल होतात. पुढच्या बारीक केशवाहिन्यांना दाब झेपेल एवढाच पोचतो, तो यांच्यामुळे.

खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या लेंटिक्युलोस्ट्राएट नसा मिलिमीटरभरही जाड नसतात, आणि त्या मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटतात. दुसरीकडे धमनी हळूहळू बारीक होत जाते, दाबही टप्प्याटप्प्याने उतरतो. इथे तसं काही नाही. मोठ्या धमनीतला दाब थेट या बारीक नसेवर येतो. वरचं बीपी वर्षानुवर्षं 170-180 राहिलं की आधी एंडोथेलियल पेशी बिघडतात. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, पेशींमधले सांधे ढिले होतात, रक्तातली प्रथिनं भिंतीत झिरपतात. मग मसलच्या पेशी एकेक करून मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरतं. सूक्ष्मदर्शकाखाली अशी भिंत गुळगुळीत, जाड, एकसारखी गुलाबी दिसते. जाड असते, पण आवळायला आत कुणी उरलेलं नसतं. या सगळ्या काळात माणसाचं डोकंसुद्धा दुखत नाही, हे मला फार वाईट वाटतं.

1868 मध्ये पॅरिसला शार्को आणि बुशार या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मेंदूत बारीक नसांवरचे इवलेसे फुगे दाखवले. त्यातले खरे फुगे किती आणि नसेबाहेर साचलेलं रक्त किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला जास्त पटतं ते बोस्टनचे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांचं काम. 1971 मध्ये त्यांनी रक्तस्रावाच्या जागेचे ओळीने काप पाहिले, तर गोळ्याच्या कडेला एक नव्हे, अनेक फुटलेल्या नसा होत्या. पहिली नस फुटते, तिचं रक्त शेजारच्या तशाच कमकुवत नसांना ताणतं, त्याही फाटतात. पहिल्या काही तासांत गोळा वाढतो त्याचं एक कारण हे. म्हणूनच आयसीयूत वरचं बीपी 140 च्या आसपास लवकर आणायची धडपड चालते.

सगळेच गोळे खोल नसतात. सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या मेंदूत तो कधी कडेला, पृष्ठभागाजवळ दिसतो. तिथे बऱ्याचदा अमायलॉइड नावाचं प्रथिन मसलच्या पेशींची जागा घेत गेलेलं असतं. बीपी बरं असूनही रक्तस्राव होतो, आणि पुन्हाही होऊ शकतो. तरुण पेशंटमध्ये कधी कॅव्हर्नोमा, म्हणजे सदोष नसांचा गुच्छ, निघतो. त्यात एंडोथेलियल पेशींच्या पातळ पोकळ्या असतात, बाहेर मसलचा थर जवळजवळ नसतोच. घराण्यात चालणाऱ्या प्रकारात बिघाड केआरआयटी-1, सीसीएम-2 किंवा पीडीसीडी-10 या जनुकांपैकी एकात असतो, आणि ही जनुकं त्याच आतल्या थरातल्या पेशींचं काम सांभाळतात.

पण माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक बीपीचेच. फॉर्म भरताना विचारलं की उत्तर ठरलेलं: "गोळी चालू होती, पण बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली." बीपी नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच. खोल नसांतल्या मेलेल्या मसल पेशी गोळीने परत येत नाहीत, पण उरलेल्यांवरचा ताण कमी होतो, आणि वाचवायचं तर त्यांनाच वाचवायचंय.

आता रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलेल्या मुलाला, भावाला मी विचारते, दादा, तुमचं कधी मोजलंय का? बहुतेक जण नाही म्हणतात. काउंटरवर आमचं बीपीचं मशीन असतं. मागच्या आठवड्यात वडिलांना घेऊन आलेल्या एका मुलाचं 168/104 निघालं. वय चौतीस. त्या क्षणी तो काळजीत होता, त्यामुळे एका आकड्यावर काही ठरवता येत नाही. दोन दिवसांनी शांतपणे बसून पुन्हा मोजा, आणि तसंच निघालं तर डॉक्टरांना दाखवा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी त्याच्या बायकोने मागून घेतली आणि वडिलांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवली.